कुठून कळलं?

दोन वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेच्या वेबसाइटचं काम माझ्या गळ्यात पडलं. तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह चालवणारी संस्था. ऊसतोड मजुरांच्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या मुली तिथे राहून आठवी ते बारावी करतात. सोमवार ते शुक्रवार माझी पगाराची नोकरी, शनिवार-रविवार हे फुकटचं काम. मी देणगीचं पान बनवलं, यूपीआय जोडलं, पावती आपोआप मेलवर जाईल अशी सोय केली. आणि फॉर्मच्या शेवटी सगळेच टाकतात तसा एक रकाना टाकला : ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ खाली पर्याय दिले : फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, गूगल, इतर.

तीन महिन्यांनी डेटा काढला, तर जवळपास सगळ्यांनी ‘इतर’ निवडलेलं. मला वाटलं, कोडमध्ये काहीतरी घोळ आहे. मग ‘इतर’च्या पुढे लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. ‘आत्याने सांगितलं.’ ‘शाळेतल्या बाई.’ ‘शेजारच्या काकू तिथे शिकवायला जातात.’ ‘आमचा दूधवाला, त्याची भाची तिथे आहे.’ घोळ कोडमध्ये नव्हता, माझ्या पर्यायांमध्ये होता. मी माध्यमांची यादी दिली होती आणि लोक माणसं सांगत होते.

दरम्यान संस्थेला घाई होती. जूनमध्ये किती नव्या मुली घ्यायच्या हे मार्चमध्ये ठरतं, आणि ते खात्यात किती पैसे आहेत यावरून ठरतं. त्यामुळे एक व्हिडिओ काढून ‘व्हायरल’ करायचं ठरलं. व्हिडिओ चांगला झाला होता. आम्ही तो सगळ्या ग्रुपवर टाकला. दिवसभर फोन वाजत राहिला, हात जोडलेले इमोजी येत राहिले. रात्री खातं उघडलं, तर दोन नव्या पावत्या फाटलेल्या. त्यातली एक माझ्या मॅनेजरची, तीही मी त्याला समोर बसून सांगितलं होतं म्हणून.

हे मी फोनवर आजीला सांगत होतो. ती म्हणाली, “अरे, तुझे आजोबा मुठीच्या धान्यावर शिकले. तेव्हा कुठे होते फोन?”

त्या एका वाक्यासाठी मी पुढचे काही महिने जुनी चरित्रं आणि आत्मचरित्रं वाचत बसलो. ज्याला आज मार्केटिंगवाले ‘वर्ड ऑफ माउथ’ म्हणतात, त्यावर आपल्याकडे अख्ख्या संस्था उभ्या राहिल्या आहेत. त्या कशा उभ्या राहिल्या, याची ही गोष्ट आहे.

आधी आली ती बदनामी

तोंडोतोंडी प्रसिद्धीबद्दल बोलताना आपण एक गोष्ट विसरतो. ज्या वाटेने चांगली बातमी जाते, त्याच वाटेने वाईट बातमीही जाते, आणि बऱ्याचदा आधी पोहोचते.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. विधवा मुलींनी तिथे राहावं, शिकावं, हा उद्देश. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनातल्या मुलीही ख्रिस्ती होणार, अशी चर्चा पुण्यात सुरू झाली. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालक आपापल्या मुली घरी घेऊन गेले. कोण बरोबर, कोण चूक हा वाद आजही होतो. पण झालं काय, तर पुण्यातल्या घराघरांत ‘विधवांची संस्था’ या शब्दांभोवतीच संशय चिकटला.

त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी विधवाविवाह केला. वधू गोदूबाई, म्हणजे शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे त्या आनंदीबाई, बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. कोकणात मुरुडला बातमी पोहोचली आणि गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. हा तोच गाव, ज्याच्यासाठी कर्व्यांनी तरुणपणी बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुरुडकरांकडून थोडेथोडे पैसे जमवून ‘मुरुड फंड’ उभा केला होता.

आता विचार करा. हा माणूस १८९६ मध्ये ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’ स्थापन करतो आणि लोकांना सांगतो, तुमच्या विधवा मुली माझ्याकडे पाठवा आणि वर पैसेही द्या. आजच्या भाषेत, ब्रँडची अवस्था याहून वाईट असू शकत नाही.

कर्व्यांनी यावर काय केलं? गणिताचा माणूस जे करेल तेच. आधी स्वतःजवळचे हजार रुपये संस्थेत घातले. पुढे स्वतःची विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे केली. त्यावरून बाया किती चिडल्या असतील, याची कल्पना चार पोरांचा संसार ओढणाऱ्या कोणालाही करता येईल. दुसरं म्हणजे आश्रमाचं काम त्यांनी विधवाविवाहाच्या चळवळीपासून वेगळं ठेवलं. आश्रमात शिक्षण मिळेल, लग्न लावून दिलं जाणार नाही. सुधारकांपैकी काहींना हे माघार घेणं वाटलं. तिसरं, वर्षाच्या वर्षाला अहवाल आणि जमाखर्च छापायला सुरुवात केली. कॉलेजला सुट्टी लागली की गावोगाव फिरायचं, व्याख्यान द्यायचं, वर्गणी मागायची आणि पुढच्या वर्षी त्याच लोकांना हिशोब दाखवायचा.

१९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला हलला. गोखले नावाच्या एका रावबहादुरांनी जागा दिली. तिथून कर्वे रोज चालत फर्ग्युसनला जायचे आणि संध्याकाळी चालत परत यायचे. पावसाळ्यातल्या त्या चिखलवाटेबद्दल बरंच लिहिलं गेलंय, बहुतेक वेळा त्यागाचं उदाहरण म्हणून. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाटेवरचे लोक त्यांना रोज पाहत होते. ज्याच्याबद्दल वाईट ऐकलंय, तो माणूस रोज त्याच वेळी, त्याच छत्रीसकट दिसतो, तेव्हा ऐकलेल्या गोष्टीला हळूहळू तडा जातो. अफवेला उत्तर द्यायला कर्वे भांडले नाहीत. ते वर्षानुवर्षं दिसत राहिले.

जिच्याबद्दल सांगायचं, तीच सांगायला आली

पण पुरुष प्राध्यापकाच्या व्याख्यानाला पुरुषच यायचे. मुलगी आश्रमात पाठवायची की नाही, हे मात्र माजघरातही ठरायचं. तिथपर्यंत जाणार कोण?

इथे पार्वतीबाई आठवले येतात. बायांची धाकटी बहीण, देवरुखची. विशीतच विधवा झालेली, पदरात एक मुलगा. बहिणीच्या आधाराने पुण्यात आली, मोठ्या वयात शिकली आणि आश्रमाच्या कामाला लागली. पुढे वर्गणी जमवण्यासाठी पार्वतीबाई गावोगाव हिंडल्या. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्रात तो प्रवास आहे. दोनच वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतरही निघालं.

१९१२ पर्यंत पार्वतीबाई केशवपन केलेल्या, जुन्या रीतीच्या विधवेच्या वेशात होत्या. हा वेश लादलेला होता आणि पुढे त्यांनी तो विचारपूर्वक सोडला. पण त्या काळातल्या एखाद्या सनातनी घराचा विचार करा. दारात सुधारकी थाटाची बाई आली असती, तर दार उघडलं असतं का? इथे मात्र दारात उभी राहिलेली बाई घरातल्याच कुठल्यातरी आत्यासारखी, काकूसारखी दिसत होती. तिचं बोलणंही त्यांच्यासारखंच. फरक एवढाच, की ती लिहू-वाचू शकत होती, एकटी प्रवास करत होती आणि सभेत उभी राहून बोलत होती. आश्रमात गेल्यावर मुलीचं काय होतं, याचं उत्तर समोर उभं होतं. मला वाटतं, कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा ते उत्तर जास्त पोहोचलं असेल.

पार्वतीबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. आपल्याला इंग्रजी येत नाही याची खंत होती, म्हणून १९१८ मध्ये, जवळपास पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेला गेल्या. ओळख नाही, भाषा नाही. लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या, भेटेल त्याला आश्रमाबद्दल सांगत राहिल्या आणि १९२० मध्ये परत आल्या. आपण ‘नेटवर्किंग’ म्हणतो, ते एका बाईने भांडी घासता घासता केलं.

त्याच १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींकडून १५ लाखांची देणगी मिळाली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसींचं, नाव लागलं. एवढी मोठी देणगी मिळाल्यावर दारोदार फिरणं संपायला हवं. पण १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, कर्व्यांनी ‘महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ’ काढलं, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे शाळा उघडण्यासाठी. आणि त्यासाठी ते पुन्हा घरोघरी नाणी गोळा करायला बाहेर पडले. का? एका मोठ्या देणगीतून विद्यापीठ उभं राहतं. पण खेड्यातली शाळा आपली आहे, असं हजारो लोकांना वाटायचं असेल, तर त्या हजारांकडे जावं लागतं, असं मला वाटतं.

पैसा आणि मूठ

हे गणित कर्व्यांच्याच काळात आणखी एकाने उघडपणे मांडलं होतं. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना होती की प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला. हा ‘पैसा फंड’. त्यातूनच १९०८ मध्ये तळेगाव दाभाडेला काचेचा कारखाना सुरू झाला.

तेव्हा रुपयाचे ६४ पैसे व्हायचे. म्हणजे एक रुपया जमवायला ६४ माणसांशी बोलायचं. कुठलाही हिशोबनीस म्हणेल, वेडेपणा आहे. वर्गणीपेक्षा चपला जास्त झिजतील. पण दुसऱ्या बाजूने पाहा. एक रुपया जमेपर्यंत ६४ जणांच्या तोंडी कारखान्याचं नाव गेलेलं असतं आणि त्यातला प्रत्येकजण ‘आमचा कारखाना’ म्हणायला मोकळा झालेला असतो. पैसा हे निमित्त होतं. खरी वर्गणी तोंडांची होती.

आता आजोबांची मूठ.

भाऊराव पाटील, जन्म १८८७, कुंभोजचे. मॅट्रिक न झालेला माणूस. संस्था काढण्याआधी आणि सुरुवातीच्या काळातही ते पोटासाठी नोकऱ्या करत होते आणि त्यातली एक होती किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याची. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरतं, असं तेव्हा शेतकरी म्हणायचे. असा माल जाहिरात वाचून कोणी घेत नाही. बांधावर जावं लागतं, नांगर चालवून दाखवावा लागतो आणि गावातल्या एकाने घेतला की मग दुसरा विचारायला लागतो. भाऊरावांनी हे काम करताना गावं पायाखाली घातली आणि त्या गावांतली शाळेपासून लांब राहिलेली मुलंही पाहिली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. पैसा मात्र कधीच पुरेसा नव्हता. मुलांच्या जेवणाला काही उरलं नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, हे साताऱ्याकडच्या घराघरांत सांगितलं जातं.

याच कामातली एक पद्धत म्हणजे मुष्टिफंड. घरातल्या बाईने दळणाला किंवा स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवायची. ती जमली की बोर्डिंगसाठी द्यायची. रोख पैसा जवळ नसलेल्या, किंवा असला तरी तो हातात नसलेल्या बायांना देता येईल अशी ही देणगी होती. कोणाची परवानगी लागत नाही, पावती लागत नाही. आणि ती वर्षातून एकदा द्यायची नव्हती, रोज द्यायची होती. रोज जात्यापाशी बसलं की बोर्डिंगची आठवण. शेजारणीने विचारलं, ही मूठ कशाला गं, की सांगणं आलंच.

आजी सांगते, आजोबांची आई निरक्षर होती. तिने शाळा आतून कधी पाहिली नाही. पण रोज मूठ काढायची आणि म्हणायची, माझं धान्य तिकडं जातं. काही वर्षांनी धान्याच्या मागोमाग मुलगाही तिकडं गेला. त्याआधी आमच्या घरात कोणी शाळेत गेलेलं नव्हतं. मी आज दोन मॉनिटर लावून बसतो, त्याच्या मुळाशी ती मूठ आहे. म्हणून हा विषय माझ्यासाठी मार्केटिंगचा राहिला नाही.

शब्द कुठपर्यंत जातो

इथपर्यंत वाचून ‘जुनं ते सोनं’ असं वाटत असेल, तर थांबा. तोंडोतोंडी प्रसिद्धीला एक मोठी मर्यादा आहे आणि ती याच इतिहासात दिसते.

शब्द ओळखीतून जातो आणि आपल्याकडे ओळख जातीतून जाते. लग्नाच्या पंगतीत, माहेरच्या वाटेवर, पाहुण्यारावळ्यांत जे बोललं जातं, ते त्या पंगतीत बसणाऱ्यांनाच ऐकू येतं. कर्व्यांचा आश्रम सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवांचा होता. केशवपनाचा जाच त्या समाजात होता, हे एक कारण. पण बातमी ज्या माजघरांतून फिरत होती, ती माजघरं कोणाची होती, हेही त्याला कारण असणार. ज्यांच्या घरी तो शब्द पोहोचलाच नाही, त्यांच्यासाठी ती संस्था जणू नव्हतीच.

भाऊरावांनी इथे वेगळी गोष्ट केली. साताऱ्याच्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. त्या काळात यावरून काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल! पण परिणाम पाहा. सुट्टीत ही मुलं आपापल्या घरी गेली, म्हणजे गावातल्या वेगवेगळ्या आळ्यांत, वस्त्यांत, मोहल्ल्यांत गेली. एकच बातमी सगळ्या वाटांनी एकाच वेळी गेली. भाऊरावांनी आधी पंगत बदलली, मग शब्दाची वाट आपोआप बदलली.

आजच्या फॉरवर्डबद्दल माझं म्हणणंही इथेच येतं. फॉरवर्ड वाईट नसतो. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याचं ‘आइस बकेट चॅलेंज’ आठवत असेल. त्यातून अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला दोन महिन्यांत साडेअकरा कोटी डॉलर मिळाले आणि ते संशोधनाला उपयोगी पडले. पण पुढच्या वर्षी तोच प्रयोग केला, तेव्हा त्याच्या जवळपासही रक्कम आली नाही. बादली ओतली, गंमत झाली, पुढे गेलो.

मी व्हिडिओ फॉरवर्ड करतो, तेव्हा माझं काहीच पणाला लागत नाही. उद्या ती संस्था खोटी निघाली, तर मी म्हणेन, ‘मला आला, मी पुढे पाठवला.’ पण आत्या भाच्याला सांगते, ‘तिथे दे, मी बघून आलेय,’ तेव्हा ती स्वतःची पत गहाण ठेवत असते. उद्या काही कमीजास्त झालं, तर दिवाळीला ऐकून तिलाच घ्यावं लागणार असतं. भाचा संस्थेला पैसे देतच नाही. तो आत्याच्या शब्दाला देतो. म्हणजे संस्था या व्यवहारात कर्जदार आहे. आत्याने दिलेलं कर्ज तिला फेडायचं आहे आणि ते फेडायचं नाणं एकच : हिशोब. कर्वे दरवर्षी जमाखर्च का छापत होते, हे मला तेव्हा कळलं. तो देणाऱ्यांसाठी होताच, पण त्याहून जास्त सांगणाऱ्यांसाठी होता. कोणी विचारलं, ‘कशावरून?’ तर हातात काहीतरी हवं.

रकाना बदलला

एवढं वाचून झाल्यावर मी वसतिगृहाच्या फॉर्ममध्ये तीन बदल केले. कोड म्हणून किरकोळ, तासाभराचं काम.

माध्यमांची यादी काढून टाकली. आता तिथे एकच मोकळा रकाना आहे : ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’ दुसरं, सर्वात छोटी देणगी ५०० रुपयांची होती, ती ३० रुपयांवर आणली. विश्वस्तांपैकी एकजण म्हणाले, पावतीचा त्रासच जास्त. मी त्यांना ६४ पैशांचं गणित सांगितलं. तिसरं, दर महिन्याला स्वयंपाकघराचा हिशोब पानावर टाकायला लागलो. ज्वारी किती, तांदूळ किती, तेल किती, गॅस किती वेळा आणला. तो लिहून द्यायचं काम तिथल्या दहावीच्या मुलींनी घेतलंय. त्यांच्या बेरजा मी तपासतो, आणि दोनदा माझीच चूक निघाली आहे.

यातून चमत्कार झाला नाही. मार्चमधली बैठक अजूनही कठीणच जाते. गेल्या वर्षी ज्या मुलींना नाही म्हणावं लागलं, त्यांची यादी संस्थेच्या ताईंनी फाडलेली नाही, टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. आणि शब्द अजूनही काही वस्त्यांपर्यंत पोहोचत नाही, हे त्या मोकळ्या रकान्यातली नावं वाचताना मला दिसतं. कुठल्या आडनावांची नावं येतात आणि कुठली येतच नाहीत, हे डेटात स्पष्ट आहे. त्या वस्त्यांत आधी कोणीतरी जायला हवं. ते काम वेबसाइटचं नाही, पायांचं आहे. आता दिवाळीच्या सुट्टीत मीही ताईंबरोबर जातो.

मागच्या महिन्यात ३० रुपयांची एक पावती फाटली. ‘कोणी सांगितलं?’ या रकान्यात फक्त दोन वाक्यं होती : ‘कोणी नाही. मी तिथेच राहून शिकले.’